चालवायला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, कोणती घेऊ?

वळणवेडा
नमस्कार मंडळी,
जुनी, दोन आसनांची, हाताने गिअर टाकायची स्पोर्ट्स कार घ्यायचं पक्कं केलंय. झाकून ठेवायला नको, चालवायला हवी. सुट्टीच्या दिवशी पहाटे वळणांचा रस्ता आणि वर्षाकाठी एखादा लांबचा पल्ला. रोजच्या धावपळीला दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही रुसून बसली तरी कामं अडणार नाहीत.

यादी अशी: एमजीबी, अल्फा रोमिओ स्पायडर, पोर्शे ९४४ आणि पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. स्वप्नात पोर्शेचीच ९११ येते, पण ती स्वप्नातच बरी असं खिसा म्हणतो. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड एवढी कामं स्वतः करतो. इंजिन खोलण्याचा वकूब नाही. उंची सहा फुटांच्या वर आहे, हेही लक्षात घ्या.

माझा कल साठ-सत्तरच्या दशकाकडे आहे. कार्ब्युरेटर, क्रोमचे बंपर, लाकडी स्टिअरिंग. त्यानंतरच्या गाड्या चांगल्या असतील, पण त्यांना 'क्लासिक' म्हणायला जीभ रेटत नाही. पटत नसेल तर खोडून काढा.

निवांत_काका
या या, आमच्या वेड्यांच्या कंपूत स्वागत! एमजीबी घ्या आणि मोकळे व्हा. १९६२ ते १९८० एवढा काळ बनत होती, पाच लाखांवर गाड्या निघाल्या. त्यामुळे नटबोल्टपासून अख्ख्या बॉडीशेलपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. १७९८ सीसीचं लोखंडी इंजिन, त्यात गूढ असं काही नाही. बोनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं आणि तिथवर हातही पोचतो.

फक्त क्रोम बंपरची बघा. १९७४ च्या सुमारास अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि त्याबरोबर गाडी उचलून उंच केली. वळणात ती जरा जास्तच कलते.

खवचट
काका, खाली ऑइलचा डाग पडला नाही तर काळजी करायची, कारण ऑइल संपलेलं असतं, हे सांगायचं राहिलं.

निवांत_काका
@खवचट, ती कंपनीने दिलेली गंजरोधक योजना आहे. खालचा पत्रा सदैव तेलकट राहतो.

सोनचाफा
धागाकर्त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी साफ असहमत. एमएक्स-५ आली १९८९ मध्ये. म्हणजे तिचं वय बघितलं तर ती आता 'नवी गाडी' राहिलेली नाही. आणि ती ज्या कल्पनेवर बेतली ती १९६२ च्या लोटस एलानची: पुढे छोटं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन शक्य तितकं कमी. फरक एवढाच, की ही सकाळी किल्ली फिरवली की सुरू होते.

मी बरीच वर्षं तीच चालवते. हजार किलोच्या आत वजन, ११५च्या आसपास अश्वशक्ती. गिअरचा दांडा मनगटाच्या झटक्यात पडतो. बसल्या जागेवरून एका हाताने हुड, म्हणजे कापडी छत, मागे टाकता येतं. सिग्नलला थांबल्यावर टाकते, हिरवा व्हायच्या आत झालेलं असतं.

बघायचं काय, तर दाराखालच्या पट्ट्या, म्हणजे सिल. हुडावरचं पाणी निचऱ्याच्या भोकांतून खाली जातं. ती कचऱ्याने तुंबली की पाणी आतच साचतं आणि मागच्या चाकासमोरचा भाग आतून कुजतो. बाहेरून फुगवटा दिसला तर आत बरंच गेलेलं असतं. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं, पुली डुगडुगायची. इंजिन चालू ठेवून पुढची पुली सरळ फिरते का ते पाहा.

शून्य_ते_शंभर
११५ अश्वशक्ती? हल्लीची घरगुती डिझेल गाडीसुद्धा मागून येऊन हॉर्न देईल. स्पोर्ट्स कार म्हणजे थोडी तरी भीती वाटली पाहिजे.

सोनचाफा
देऊ दे हॉर्न. सरळ रस्त्यावर जाऊ देते पुढे. :)
गंमत वेगळीच आहे. आधुनिक जोरदार गाडीत दुसरा गिअर पूर्ण ताणला की वेगमर्यादा मोडलीच. हिच्यात तिसऱ्यापर्यंत इंजिन मनसोक्त किंचाळवता येतं आणि तरी परवाना शाबूत राहतो. मला वेग नको, काम हवं हातापायांना.

मेघना_के
सोनचाफा +१००

तेलकट_हात
जुन्या गाड्यांची कामं करण्यात हयात गेली, म्हणून चार शब्द. तुम्ही सगळे मॉडेलवर भांडताय. गाडी घेताना मॉडेल दुसरं येतं, पहिली येते ती समोर उभी असलेली *ती* गाडी. मरतुकडी जॅग्वार ई-टाइप घेण्यापेक्षा ठणठणीत, साधी ट्रायम्फ स्पिटफायर घ्या, सुखाने झोपाल.

आणि ठणठणीत म्हणजे इंजिन नव्हे, पत्रा. इंजिन उतरवून टेबलावर घेता येतं. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सगळं विकत मिळतं, कामाचा अंदाज देता येतो. गंजाचा अंदाज कुणी देऊ शकत नाही. एक पट्टी कापली की तिच्या मागची कुजलेली दिसते, ती कापली की तिसरी. नामवंत गॅरेजवालेसुद्धा गंजाच्या कामाचा आकडा लेखी द्यायला का कू करतात, त्याचं कारण हेच.

एमजीबीचं उदाहरण घ्या. तिला वेगळी चासी नाही, दाराखालच्या सिलवर सगळा भार. सिल गेली की गाडी मधून वाकते. तपासायची युक्ती: मागचं एक चाक जॅकवर उचला आणि दार उघडून बंद करून बघा. घासायला लागलं किंवा दाराची फट वर अरुंद झाली तर नमस्कार करून घरी या. विकणारा म्हणेल, 'बिजागरी सैल आहे'. त्यालाही नमस्कार करा.

पत्रा_मास्तर
तेलकट_हात यांना संपूर्ण अनुमोदन. माझी भर:

खिशात एक लहान चुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळलेलं. चाकांवरच्या कमानी आणि दाराच्या खालच्या कडांवर फिरवा. चिकटलं नाही तर तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. (फायबरग्लासच्या गाडीवर हा प्रयोग करून घाबरू नका. एलानची बॉडी मुळात फायबरचीच आहे. तिच्यात मधला लोखंडी कणा बघायचा.)

खालून ताजं काळं डांबरासारखं कोटिंग मारलेलं दिसलं तर आनंदू नका. विकायच्या आधी कुणी हौसेने ते मारत नाही. गालिचे उचला, स्टेपनीची जागा बघा, नाकाला कुबट वास येतोय का बघा. आणि 'पूर्ण रिस्टोअर केली' म्हणणाऱ्याला कामाचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम केलंय तो शेकड्याने दाखवील, आणि तुमची सुटका लवकर होणार नाही.

खवचट
वाचनखूण साठवली. गाडी घ्यायची नाहीये, पण लग्नाच्या स्थळांनाही हे लागू पडेल असं वाटतंय.

पत्रा_मास्तर
@खवचट, तिथे चुंबक नेऊ नका म्हणजे झालं.

काटा_लालवर
९११ चा विषय दोन ओळीत संपवला याचा निषेध. १९७८ ते ८३ ची ९११ एससी बघा. तीन लिटर, हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन. १९७६ च्या मॉडेलपासून बॉडी जस्ताच्या मुलाम्याची, त्यामुळे आधीच्या गाड्यांसारखी सडत नाही. ब्रेक आजही लाज न आणणारे, मागे दोन इवल्या सीट, पुढे डिकी. या यादीतली रोज चालवता येईल अशी खरी क्लासिक हीच.

एससीमध्ये टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर दुबळे होते. १९८४ पासूनच्या ३.२ कॅरेरामध्ये तेलाच्या दाबावर चालणारे आले. बऱ्याच मालकांनी तेच एससीला बसवून घेतलेत. ते बसवल्याची पावती आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

शून्य_ते_शंभर
आणि वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर काय होतं तेही सांगा की.

काटा_लालवर
होतं काय, शेपूट पुढे यायला बघते. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं आहे, वजन तिकडेच. म्हणून नियम: वळणाच्या आधी वेग कमी करायचा, आत शिरल्यावर पाय स्थिर किंवा हळूहळू दाबत बाहेर पडायचं. घाबरून पाय उचलायचा नाही. तुम्हाला भीती हवी होती ना, ही घ्या.

अर्धापाना
९४४ बद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास सारखं वाटलेलं. ९११ जिथे तुमची परीक्षा घेते तिथे ही सांभाळून घेते. काचेची मोठी डिकी आहे, लांबच्या प्रवासाचं सामान मावतं.

पण हिची दोन दुखणी मालक होण्याआधी माहीत हवीत. एक, टायमिंग बेल्ट. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, वरचं इंजिन गेलं. शेजारी थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा वेगळा बेल्ट आहे, तोही बरोबरच बदलायचा. पावती नसेल तर 'बदललाय' या शब्दाला किंमत शून्य. मी घेतली तेव्हा विकणाऱ्याची खात्री होती, कागद नव्हता. घरी आणून पहिलं काम बेल्ट आणि वॉटर पंपाचं केलं.

दुसरं, क्लच. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली टॉर्क ट्यूब मागे सरकवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. वस्तू स्वस्त, मजुरी महाग. धागाकर्ते म्हणतात प्लग-ऑइल स्वतः करतो. या गाडीत तेवढ्यावर भागणार नाही.

निवांत_काका
याउलट स्पिटफायर. अख्खं नाकच पुढे उलटतं. चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं, कंबर वाकवावी लागत नाही. आमच्या वयात हे फार मोठं वैशिष्ट्य आहे. फक्त पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यात, ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं. ग्रीस भरून भरून लोकांनी कित्येक मोडलेत. आणि पहिल्या काही मॉडेलांत मागचं चाक जोरात वळताना आत दुमडतं, ते १९७० च्या मार्क फोरमध्ये बरंच सुधारलं.

मेघना_के
धागाकर्त्यांच्या उंचीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. सहा फुटांच्या वर म्हणजे अर्धी यादी तिथेच गळते.

मी अल्फा स्पायडर मनसोक्त चालवलेली आहे. १९६६ ते १९९४ इतकी वर्षं बनली, अॅल्युमिनियमचं ट्विन कॅम इंजिन तर गाण्यासारखं. गिअरचा दांडा डॅशबोर्डखालून जवळजवळ आडवा बाहेर येतो, आधी विचित्र वाटतो, मग दुसरा कुठला आवडत नाही. (थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो, गिअर जुळवून घेणारा सिंक्रो नाजूक आहे. गरम होईपर्यंत दमानं.) पण बैठक अशी की हात लांब ताणलेले आणि गुडघे दुमडलेले. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना येतात. ९४४ च्या सुरुवातीच्या गाड्यांत स्टिअरिंग खाली, मांड्यांना टेकतं. एमएक्स-५ मध्ये हुड लावलं की डोकं कापडाला लागतं. सीटचा फोम कापून लोक एखाद-दोन इंच मिळवतात. यात उंच माणसाला खरी ऐसपैस एमजीबीच.

तेव्हा फोटो बघून मन लावू नका. प्रत्येकीत अर्धा तास बसा, बूट घालून तिन्ही पेडल दाबा, ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे पाय नेताना शेजारचं पेडल लागतं का बघा. आणि चालवा. बहुतेकींत पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. पार्किंगमध्ये दंड भरून येतात आणि ब्रेक मनापासून दाबावा लागतो. काहींचा शौक तिथेच उतरतो, आणि घेण्याआधी उतरलेला बरा.

सोनचाफा
उंचीचा मुद्दा मान्य. माझी उंची बेताची, त्यामुळे कधी जाणवलं नाही.

नवा_भिडू
एक भाबडा प्रश्न. एवढी कटकट आहे तर जुनी बॉडी घेऊन आत इलेक्ट्रिक मोटर का बसवत नाही? ऑइल नाही, बेल्ट नाही, गळती नाही.

काटा_लालवर
धागा पेटला.

निवांत_काका
तबला घेऊन त्यावर रेकॉर्ड लावायची असेल तर जरूर बसवा.

अर्धापाना
काका, इतकं तोडून बोलू नका. इंजिन कायमचं मेलेली गाडी भंगारात जाण्यापेक्षा मोटर लावून धावली तर मला चालेल. पण बॅटरीचं वजन कुठे टाकणार? हलकेपणा हाच ज्या गाडीचा गुण, तिच्यात शेकडो किलो वाढवले की स्प्रिंग, ब्रेक, सगळं बदलावं लागतं. शेवटी जुनी राहते ती फक्त नंबर प्लेट.

शून्य_ते_शंभर
शून्य ते शंभर मात्र मस्त येईल. (दिवे घ्या)

तेलकट_हात
मोटरचा वेगळा धागा काढा. इथे मूळ प्रश्नावर या. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

टायर. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. या गाड्या कमी चालतात, टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात, ३५१२ म्हणजे २०१२ च्या ३५ व्या आठवड्यातला. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्याही आधीचा. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

दुसरं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली सीलं इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. मऊ पडतात, भेगा जातात, गळतात. गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आगीला निमंत्रण. गाडी घरी आली की इंधनाच्या सगळ्या नळ्या बदला, चालतायत असं वाटलं तरी. शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातल्या हेडमध्ये बिनशिशाच्या पेट्रोलवर टिकणाऱ्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का तेही विचारा.

आणि सगळे पैसे खरेदीतच घालवू नका. पहिल्या वर्षात जुना मालक टाळत आलेली सगळी कामं तुमच्याकडे येतात. त्यासाठी घसघशीत रक्कम बाजूला राहत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या, पण तिच्यातली सगळ्यात चांगली.

गप्प_वाचक
बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिल्यांदाच लिहितो. सगळे उघड्या गाड्यांबद्दल बोलताय. धागाकर्त्यांना लांबचा पल्लाही मारायचा आहे. मग एमजीबी जीटी का नाही? १९६५ मध्ये आली, तेच इंजिन, वर पक्कं छत, मागे उघडणारं दार. छतामुळे बॉडी जास्त ताठ. उघडीपेक्षा मागणी कमी, म्हणून त्याच पैशात जास्त चांगली सापडते. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) असलेलीच घ्या, हायवेवर इंजिनचा आवाज एकदम खाली येतो.

खवचट
छत असलेली रोडस्टर. साखर नसलेला शिरा.

गप्प_वाचक
म्हणूनच मी गप्प असतो.

मेघना_के
गप्प_वाचक, लिहीत राहा. कामाचं तुम्हीच लिहिलंत.

वळणवेडा
उशिरा उत्तर देतोय, क्षमस्व. मधल्या काळात गाड्या बघत फिरत होतो. मेघनाताई, तुमचं ऐकून प्रत्येकीत बूट घालून बसलो. अल्फात गुडघ्यांचं तसंच झालं. इंजिनच्या आवाजाने पाघळलो होतो, पण अर्ध्या तासाने पाय उचलेना. एमएक्स-५ ने मात्र चकित केलं. सोनचाफा, ती 'क्लासिक' आहे की नाही यावर मी आता वाद घालणार नाही. चार इंच बुटका असतो तर आजच घेतली असती.

९४४ एक सुरेख होती, बेल्टची पावती नव्हती. विकणारे गृहस्थ म्हणाले, 'विश्वास ठेवा.' अर्धापाना, तुमचीच आठवण झाली.

एका उघड्या एमजीबीचं मागचं चाक जॅकवर घेतलं तर दार लागेना. तेलकट_हात काका, मालक शब्दशः 'बिजागरी' म्हणाले!

तर सध्या बोलणी चालली आहेत ती १९७२ च्या क्रोम बंपरवाल्या जीटीची. ओव्हरड्राइव्ह आहे. सिल बदलल्याचे फोटोच फोटो आहेत, पत्रा_मास्तर म्हणाले तशी सुटका लवकर झाली नाही. गिअरबॉक्स थोडा रडतो, मागचे डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) गळतात, सीट फाटक्या. चुंबक सगळीकडे चिकटलं. टायर बघितले, २००९ चे निघाले. नक्षी अगदी कोरी.

तेलकट_हात
घ्या. फाटक्या सीट आणि चांगला पत्रा, हा सौदा उलटा कधीही करू नये. टायर पहिल्याच दिवशी उतरवा, त्यांच्यावर लांब आणू नका. गिअरबॉक्स नेमका कुठल्या गिअरमध्ये रडतो? पहिला आणि रिव्हर्स असेल तर चालवत राहा, ते थोडा आवाज करणारच. सगळ्या गिअरमध्ये असेल तर बेअरिंग. किंमत त्या हिशोबाने पाडा.

वळणवेडा
पहिला आणि रिव्हर्समध्येच.

निवांत_काका
अभिनंदन! एक सांगून ठेवतो. पेट्रोलचा विजेवर चालणारा एसयू कंपनीचा पंप मागच्या बाजूला असतो. किल्ली फिरवल्यावर टकटक ऐकू यायला हवी. आवाज नाही आणि गाडी उठत नाही, असं झालं तर आतले पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्क, चिकटलेत. पंपावर हलकेच एक टोला द्यायचा, घर गाठता येतं. मग पॉइंट घासून घ्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक पंप बसवा.

खवचट
म्हणजे टूलकिटमध्ये हातोडी. आणि मीही येतो चक्कर मारायला, मागे बसून.

वळणवेडा
@खवचट, मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा नाही. पाय घरी ठेवून या.

शून्य_ते_शंभर
त्यात रोव्हरचं ३.५ लिटर व्ही-८ बसतं, माहीत आहे ना? कंपनीने स्वतःच १९७३ पासून तशी जीटी विकली होती. नुसतं सुचवतोय.

गप्प_वाचक
त्यांना आधी टायर तरी बदलू द्या.